कळसाचा गौरव, पायाचा विसर

रॉक संगीताच्या सर्वश्रेष्ठ कृतींच्या अनेक याद्या एल. पी. तबकड्यांवर आधारलेल्या असतात. दोष या मापातच आहे. एल. पी. तबकडी रूढ झाली ती १९४८ नंतर. रॉकची मुळे ज्यांत आहेत, ते कृष्णवर्णीय अमेरिकनांचे ब्लूज व गॉस्पेल संगीत त्यापूर्वी तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांत विखुरलेले होते. रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३६-३७ मध्ये २९ गीते ध्वनिमुद्रित केली; १९३८ मध्ये ते निवर्तले. त्यांची एल. पी. निघाली १९६१ मध्ये! विजेच्या गिटारवर भक्तिगीते गाणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्प १९७३ मध्ये वारल्या. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने त्यांची दखल घेतली २०१८ मध्ये. श्रेष्ठत्व ठरविणाऱ्यांनी आधी आपले माप तपासावे. अन्यथा वारसांचा सत्कार होत राहील आणि पूर्वज उपेक्षितच राहतील.