भिगवणने विचारलेला प्रश्न चाकणलाही विचारावा

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण बहुतेकांना ठाऊक असतं ते उजनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे. वैद्यकाच्या जगात मात्र हे गाव सांधेदुखीच्या अभ्यासामुळे पोचलं. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ साली 'कॉपकॉर्ड' हा कार्यक्रम आखला. महागड्या तपासण्यांवर विसंबून न राहता वस्तीत जायचं आणि वाताच्या रुग्णांना शोधायचं, ही त्यामागची कल्पना. फिलिपिन्स, इंडोनेशियासारख्या देशांनंतर १९९६ साली भारतात तो पहिल्यांदा भिगवणला राबवला गेला. तो राबवला डॉ. अरविंद चोप्रा आणि पुण्यातल्या 'सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस'मधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी.

पद्धत साधी होती. गावातलेच स्वयंसेवक तयार केले आणि ते घरोघरी गेले. गेल्या सात दिवसांत कुठे दुखलं का, याआधी कधी दुखत होतं का, कोणतं काम अडतं, हे विचारायचं आणि कागदावरच्या माणसाच्या आकृतीत दुखरी जागा दाखवायची. सुमारे सहा हजार वस्तीच्या गावात चार हजारांवर प्रौढांची विचारपूस काही आठवड्यांत झाली. ज्यांनी दुखतं म्हणून सांगितलं, त्यांना डॉक्टरांनी तपासलं.

सुमारे १८ टक्के प्रौढांना हाडा-स्नायूंचं दुखणं होतं. त्यातली बरीच दुखणी स्नायूंची, कंबरेची, झिजलेल्या गुडघ्यांची होती. ज्याला आमवात म्हणतात, तो ऱ्हुमेटॉइड संधिवात अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला, म्हणजे अख्ख्या गावात वीसेक माणसं. मला या पाहणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच निवड वाटते. शेकडो दुखऱ्या माणसांना व्यायाम, बसण्या-उठण्याच्या सवयी आणि धीर पुरतो. या वीसेकांना मात्र लगेच आणि कायमचे उपचार लागतात. निवड झाली नाही तर सगळ्यांच्या हातात वेदनाशामक गोळीची तीच पट्टी पडते, आणि वीसेकांचे सांधे वाकडे होत जातात.

पाहणीचे कागद घेऊन ही मंडळी परतली नाहीत. गावात मोफत तपासणी सुरू राहिली, आजाराची माहिती देणं सुरू राहिलं आणि पुढे अनेक वर्षं डॉक्टर येत राहिले. आमवात मुदतीचा ताप नव्हे, तो माणसाबरोबर राहतो. म्हणून त्याला आधार देणाऱ्यांनीही राहावं लागतं. याच पद्धतीने पुढे पुणे शहरातही पाहणी झाली, आणि शहर व गाव यांची तुलना करणारा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांकडे पाहू. इथे पोट हातावर आहे, अगदी शब्दशः. नट आवळायचे, वायरिंगचे जोड बसवायचे, प्रेसखालून पत्रा काढायचा, आणि हे सगळं लाइनच्या वेगाने. आमवात बहुधा आधी बोटांच्या आणि मनगटाच्या लहान सांध्यांनाच धरतो. तोही सकाळी, जेव्हा फर्स्ट शिफ्टची बस पकडायची असते. मूठ वळत नाही, डब्याचं झाकण उघडत नाही, आणि हा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकतो. दुपारपर्यंत हात मोकळा झाला की सुपरवायझरला वाटतं, सकाळचं निमित्त होतं. कंत्राटी कामगाराचा तर खाडा पडला की त्या दिवसाचा रोजगारच बुडतो, म्हणून तो मेडिकलवाल्याकडून गोळी घेऊन उभा राहतो. चिकनगुनियाच्या साथींपासून तर सुजलेला कुठलाही सांधा 'तापाचा उरलेला वात' म्हणून अंगावर काढला जातो.

दुसरा आजार तरुणांचा. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा पाठीच्या कण्याचा वात बहुधा विशी-तिशीत सुरू होतो, आणि चाकणच्या शेडमधली पोरंही याच वयाची असतात. ओझं उचलून भरलेली कंबर आराम केल्यावर उतरते. या आजारातली कंबर आरामाने अधिक धरते, पहाटे झोपमोड करते आणि हालचाल केली की सैल होते. एवढा एक फरक विचारला, तरी कित्येकांची गादी सरकल्याच्या नावाखाली जाणारी वर्षं वाचतील.

उपचार आहेत. मेथोट्रेक्सेट हे जुनं, तुलनेने स्वस्त औषध आमवातात आजही पहिल्या फळीत आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. सोबत फॉलिक ॲसिड, ठरावीक काळाने रक्त आणि यकृताच्या तपासण्या. गुण यायला काही आठवडे लागतात आणि नेमके याच काळात रुग्ण औषध सोडतात. इथे डॉक्टरइतकाच उपयोगी पडतो तो फोन करून विचारपूस करणारा, वार लक्षात आणून देणारा, हे दुखणं आधी भोगलेला माणूस. घरच्या बाईला आमवात असेल तर तिच्या कामाची वाटणी करायला सासर-माहेराला समजावणारंही कोणीतरी लागतं.

व्यवस्थेचे काही दुवे हाताशी आहेत. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार कामगार राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) छत्राखाली येतो, आणि पुरेसे हप्ते भरले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकतं. चिंचवडला मोहननगरचं ईएसआय रुग्णालय आहे, संत तुकारामनगरात महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला वैद्यकीय कक्ष कायद्यानेच ठेवावा लागतो. पण आमवात ९१ दिवसांत संपत नाही. रजा संपल्यावर कामगाराला लागते ती लाइट ड्युटी, जाड मुठीचं हत्यार, तासा-दोन तासांनी कामाची जागा बदलण्याची मुभा. अनेकदा त्याच्यापुढे येतो तो फिटनेस सर्टिफिकेटचा कागद, ज्यावर 'फिट' आणि 'अनफिट' यांच्या मधली जागाच नसते.

कारखान्यांच्या व्यवस्थापनांना आणि युनियनना माझी विनंती आहे. वार्षिक तपासणीत रक्तदाब आणि साखर पाहता, तिथे भिगवणची प्रश्नावली जोडा, कंत्राटी माणसांसकट. दुखणं सांगणाऱ्याचं नाव कपातीच्या यादीत जाणार नाही, हे आधी लेखी द्या. आणि वाचकहो, सहा आठवड्यांहून अधिक काळ बोटांचे सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा तासभर जात नसेल, किंवा चाळिशीच्या आत सुरू झालेली कंबरदुखी तीन महिने टिकून पहाटे उठवत असेल, तर गोळी बदलत बसू नका. संधिवाततज्ज्ञाला दाखवा.