आडवाटेचे सोबती

व्यापाराच्या निमित्ताने नव्या मुलखात आलेल्या कुटुंबाची ओळख प्रथम पेढीवरून होते, मग मंदिरातून. कडेगावसारख्या तालुक्याच्या गावी एवढ्यावर भागत नाही. गिऱ्हाईक शेतकरी असते, त्याचे घर मळ्यात असते आणि मळ्याची वाट डांबरी नसते. गुहागर–विजापूर महामार्गाने कराड किंवा विटा गाठणे सोपे. पण महामार्ग सोडून एक वळण घेतले की मुरूम, काळी चिकण माती, ओढे आणि पाणंदी सुरू होतात.

घरातल्या तरुणाला नेमके हेच हवे असते. 2020 साली नवी ‘थार’ बाजारात आल्यापासून व्यापारी घरांतही जीप दिसू लागली. पश्चिम महाराष्ट्रात रविवारी पहाटे अशा गाड्या घेऊन आडवाटेला निघणारे मित्रगट आहेत. नवखा त्यांत शिरू पाहतो आणि वडील मंडळी विचारतात, हा पैशाचा धूर कशासाठी? प्रश्न गैर नाही. पण या छंदाचा पहिला नियमच असा की एकट्याने जायचे नाही. रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीनेच निघते. ज्याने आज ओढले त्याला उद्या ओढावे लागते, आणि पेढीवर बसून वर्षभरात न जुळणारी ओळख चिखलात तासाभरात जुळते.

गाडी घेण्यापूर्वी मात्र नीट पाहावे. 2023 पासून ‘थार’ केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. दिसायला ती तशीच, किमतीला कमी, पण चिखलात तिचा निभाव लागणे कठीण. चारही चाकांना जोर देणारी आणि संथ, ताकदीचा ‘लो’ गिअर असलेली गाडी वेगळी. वाहन विम्यात शर्यत बहुधा वगळलेली असते. आडवाटेवरच्या नुकसानीबद्दलही विमा कंपनीला आधी लेखी विचारलेले बरे. व्यापाऱ्याच्या मुलाला हे सांगावे लागू नये, पण हौसेपुढे हिशेब मागे पडतो.

बाकी कौशल्य गटातले जुने लोक शिकवतात. मऊ मातीत टायरची हवा कमी करावी, डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी पुन्हा भरावी. ओढण्याचा पट्टा बंपरला न बांधता चेसिसच्या हुकात अडकवावा. पट्टा ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. तो तुटला तर जीव जाऊ शकतो. आणि अवघड जागी आधी खाली उतरून वाट पायी चालून पाहावी. ईर्यासमितीचे नाव लहानपणापासून ऐकलेल्याला, पाऊल टाकण्यापूर्वी भूमी पाहण्याची ही शिस्त परकी वाटू नये. या भागातले खरे उस्ताद मात्र कोणत्याच गटात नसतात. वर्षानुवर्षे वडापची जीप हाकणारे आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या चिखलातून काढणारे ट्रॅक्टरचालक, त्यांच्याजवळ घटकाभर बसावे.

नवख्याचा खरा कस लागतो तो बांधावर. वरून ओसाड दिसणाऱ्या वाटेलाही मालक असतो. बांधावरून वाट कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 अन्वये तहसीलदारांना आहे. अडवलेली वाट खुली करण्यासाठी 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आजही वापरला जातो. यावरून शेतरस्त्याचे भांडण किती जुने आणि किती जिव्हारी लागणारे आहे ते कळावे. ओल्या बांधावर चाकाची खूण उमटवणारा पाहुणा दोन भावकींच्या वादात नकळत साक्षीदार होऊन बसतो, आणि पेढीची पत एका सकाळीत खर्ची पडते. म्हणून आदल्या दिवशी मालकाच्या दारी जाऊन विचारावे. टेंभू योजनेच्या कालव्याकाठचे रस्ते देखभालीसाठी आहेत. ते मोकळे दिसतात म्हणून हौसेला वापरू नयेत.

सागरेश्वर अभयारण्याचा तर विचारही करू नये. कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या सीमेवरचे हे 10.87 चौरस किलोमीटरचे वन निसर्गाने आयते दिलेले नाही. उघड्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन ते उभे करवले आणि 1985 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथे आता सांबर, चितळ आणि काळवीट आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही. आडवाट तुडवणे तर दूरच.

जैन घरात एक प्रश्न हमखास निघतो, तो चातुर्मासाचा. चिखलाची खरी मौज पावसाळ्यात, आणि माती जीवांनी भरलेली असते तीही तेव्हाच. ज्या चार महिन्यांत साधू-साध्वी विहार थांबवतात, त्याच दिवसांत श्रावकाच्या घरच्या गाडीने ओली जमीन उकरावी हे अनेक आजीआजोबांना रुचत नाही. त्यांचे म्हणणे शेतीच्या हिशेबानेही खरे आहे. ओल्या मातीत पडलेले खोल चाकोरे सुकले की बैलगाडीला आणि शाळेच्या सायकलींना महिनोन्महिने छळतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर निघावे. पहाटे निघून दुपारी परतले की सूर्यास्तापूर्वीच्या जेवणालाही बाध येत नाही.

मात्र त्या सुमारास वांगीच्या सोनहिरा कारखान्यासह सगळीकडे गाळप सुरू होते. अरुंद पाणंदीत समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, तर जीपनेच मागे जायचे असते; भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे घेता येत नाहीत.