त्रिरश्मीच्या भिंतीवरचा हिशेब आणि नाशिकचे पर्यटन

नाशिकच्या पर्यटनाची चर्चा निघाली की ती तीन गोष्टींभोवती फिरते : त्र्यंबकेश्वर आणि पंचवटीचे भाविक, द्राक्षमळे आणि वायनरी, आणि आता २०२७ चा सिंहस्थ. मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत, याची आठवण शेवटी होते आणि तीही ‘पांडवलेणी’ या नावाने.

मार्च २०२० मध्ये देशातील संरक्षित स्मारके बंद झाली. २०१९ साली भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२१ मध्ये ते १५ लाखांवर आले आणि २०२३ पर्यंतही जुना आकडा गाठता आला नव्हता. पर्यटक परत कसे आणायचे आणि उत्पन्न कसे वाढवायचे, हा प्रश्न तेव्हापासून सगळ्याच पर्यटनस्थळांपुढे आहे. या प्रश्नावर आपण बौद्ध तरुणांनी बोलले पाहिजे असे आम्हाला वाटते, कारण उत्पन्नाचा एक चोख हिशेब त्रिरश्मीच्या भिंतीवर कोरलेला आहे.

लेणे क्रमांक १० मध्ये जा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे कोरून संघाला दान दिले. नुसते लेणे देऊन तो थांबला नाही. वर्ष ४२ चा उल्लेख असलेल्या लेखात तो सांगतो की, ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली आहे. अक्षयनीवी म्हणजे कायमची ठेव. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्चायचे ते फक्त व्याज. यातले २००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने ठेवले आणि १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने.

आता जरा आकडेमोड करू. २००० वर महिन्याला २० कार्षापण व्याज, म्हणजे वर्षाला २४०. या लेण्यात वर्षावास करणारे भिक्खू २० आणि प्रत्येकाला चीवरासाठी १२ कार्षापण. वीस बारे २४०. एक कार्षापण शिल्लक नाही, एक कमी नाही. दुसऱ्या हजाराचे वर्षाला ९० येतात, ते भिक्खूंच्या इतर खर्चासाठी. हा सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला, हेही त्या लेखातच आहे. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी अशीच ठेव ठेवली. ती कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रे बनवणारे कारागीर यांच्या श्रेणींकडे होती.

यातून काय दिसते? डोंगरावरचे लेणे आणि खालचा गाव यांच्यात पैशाचे नाते होते. विणकराला धंद्यासाठी भांडवल मिळे, त्याच्या व्याजातून भिक्खूला चीवर मिळे आणि मुद्दल जागच्या जागी राही. गोवर्धन हे गाव आजही नाशिकजवळ गंगापूरच्या बाजूला आहे. लेणे आहे, गाव आहे, मधला व्यवहार तेवढा तुटला आहे.

आजचा व्यवहार कसा आहे ते पाहू. त्रिरश्मी लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. भारतीयांना तिकीट २५ रुपये, परदेशी पर्यटकांना ३०० रुपये. हा पैसा केंद्र सरकारच्या तिजोरीत जमा होतो, या डोंगरासाठी वेगळा राहत नाही. माणूस पायऱ्या चढतो, मोठ्या बुद्धमूर्तीपुढे फोटो काढतो, शहराचे दृश्य पाहतो आणि तासाभरात खाली उतरतो. सायंकाळी तो शिर्डीला किंवा मुंबईला पोहोचलेला असतो. नाशिकच्या रिक्षावाल्याला, खाणावळीला, पुस्तकविक्रेत्याला त्याच्याकडून फारसे काही मिळत नाही. म्हणून तिकीट वाढवा किंवा गर्दी वाढवा, या दोन्ही सूचना आम्हाला उथळ वाटतात. खरे उत्पन्न गेटवर मिळत नाही. पाहुणा गावात किती तास थांबतो, रात्री मुक्काम करतो की नाही, यावर ते ठरते.

पंचशीलातले पाचवे शील पाळणाऱ्यांनीही नाशिकच्या वायनरीकडून एवढे एक शिकायला हरकत नाही. तिथे पाहुण्याला कोणी तरी फिरवून आणते, द्राक्ष कुठून आले आणि पुढे काय झाले ते सांगते, बसायला जागा देते. म्हणून तो अर्धा दिवस थांबतो आणि पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन येतो. त्रिरश्मीवर सांगण्यासारखे त्याहून कितीतरी जास्त आहे, पण सांगणारा माणूस जागेवर नसतो.

सांगण्यासारखे काय आहे? लेणे क्रमांक १९ सातवाहन राजा कृष्ण याच्या काळातले, नाशिकच्या श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्राने करवलेले. नाशिक हे नाव दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले इथे वाचता येते. लेणे क्रमांक १८ च्या चैत्यगृहावर एका अख्ख्या गावाच्या, धंभिक गावाच्या, दानाची नोंद आहे. क्रमांक १७ उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने दिलेले. क्रमांक ३ मध्ये गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख, नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला. क्रमांक २० चे काम अर्धवट राहिले होते, ते महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने पूर्ण करवले. राजे, सेनापतीची बायको, परदेशी आणि साधे गावकरी या सगळ्यांची नावे एकाच डोंगरावर. एवढे समजून घ्यायला एक सकाळ पुरत नाही.

आणि या लेखांमध्ये डोंगराचे नावही आहे : ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी. लेणी पांडवांनी कोरली असे सांगणारी एक ओळही इथे नाही. नावाचा आग्रह आपण अस्मितेसाठी धरतो, तो योग्यच आहे, पण त्याला व्यवहाराची बाजूही आहे. श्रीलंका किंवा थायलंडमधला उपासक भारतातील बुद्धस्थळे शोधतो तेव्हा ‘पांडव’ हा शब्द त्याला कुठेच घेऊन येत नाही. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांइतकेच तिकीट लागते. म्हणजे श्रीलंका, नेपाळ, भूतान, म्यानमार, थायलंड या देशांतील पाहुण्यांना इथे २५ रुपयांतच प्रवेश आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये डोंगराच्या पायथ्याशी बुद्ध स्मारकाच्या आवारात अनुराधापूरच्या महाबोधी वृक्षाच्या फांदीचे रोपण झाले. संघमित्रेने लंकेत नेलेल्या वृक्षाचा वंशज नाशिकला आला, ही श्रीलंकेच्या माणसासाठी केवढी मोठी गोष्ट आहे! मात्र बौद्ध यात्रेकरूंसाठी रेल्वेने चालवलेली महापरिनिर्वाण एक्स्प्रेस बिहार आणि उत्तर प्रदेश फिरवते, महाराष्ट्रात येत नाही. देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख, २०११ च्या जनगणनेनुसार, याच राज्यात राहतात. परदेशी पाहुणा येईल तेव्हा येईल, आपल्याच घरातला पाहुणा तरी कुठे आला आहे?

त्याला नाशिकमध्ये दोन दिवस थांबवेल असा मार्ग तयारच आहे. पहिल्या दिवशी सकाळी त्रिरश्मी, दुपारी पंचवटीतले काळाराम मंदिर, जिथे २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. दुसऱ्या दिवशी ऐंशीएक किलोमीटरवरचे येवला, जिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा झाली. तोच रस्ता पुढे छत्रपती संभाजीनगरला आणि तिथून वेरूळ-अजिंठ्याला जातो. येवल्यात आजही हातमाग चालतो, पैठणी विणली जाते. वर्षावासाच्या शेवटी आपण चीवरदान करतो, ते कापड बहुधा बाजारातून विकत आणलेले असते. ते येवल्याच्या हातमागावर का विणून घेऊ नये? विणकर, चीवर आणि त्रिरश्मी यांचा संबंध लेणे क्रमांक १० मध्ये लिहूनच ठेवला आहे.

इथे एका धोक्याकडे लक्ष वेधायला हवे. पर्यटन वाढवायचे म्हटले की मोठी इमारत बांधायची, ही सरकारी सवय आहे. जपानच्या कर्जातून अजिंठा आणि वेरूळ येथे भव्य अभ्यागत केंद्रे उभी राहिली. अजिंठ्याच्या केंद्रात तर चार लेण्यांच्या प्रतिकृती केल्या होत्या. काही वर्षांतच वीज आणि पाण्याची बिले थकली आणि केंद्रे बंद पडली. इमारतीसाठी पैसा होता, अक्षयनीवी नव्हती. उषवदाताने लेणे आधी दिले आणि वर्षाचा खर्चही त्याच लेखात बांधून दिला, हा फरक आहे.

उलट उदाहरण इंडोनेशियातील बोरोबुदुरचे. तिथल्या महास्तूपावर चढणाऱ्यांमुळे दगड झिजू लागले, तेव्हा २०२३ पासून वर जाणाऱ्यांची संख्या दिवसाला १२०० वर आणली. वर जायचे तर मार्गदर्शक सोबत हवाच आणि पायात स्थानिक कारागिरांनी विणलेली खास चप्पल हवी. त्या चपलेचे नाव ‘उपानत’, आपल्याला ओळखीचाच शब्द. गर्दी मर्यादित ठेवूनही मार्गदर्शकाला आणि चप्पल विणणाऱ्याला काम मिळते.

आपल्याकडे मार्गदर्शक होऊ शकतील असे तरुण आहेत. गेल्या काही वर्षांत अनेकांनी धम्मलिपी शिकून घेतली, ते सुट्टीच्या दिवशी लेण्यांवर जाऊन लेख वाचतात, लोकांना सांगतात, प्लास्टिक गोळा करतात. हे सगळे फुकट चालते. पैसे घ्या म्हटले की ‘धम्म विकायचा का?’ असा प्रश्न येतो. आमचे मत स्पष्ट आहे : भिक्खूची देशना विकायची नाही, पण सकाळी आठपासून दुपारपर्यंत पायऱ्या चढून लेख वाचून दाखवणाऱ्या तरुणाचा दिवस फुकट नाही. तो पुढच्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला गेला की ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ‘अतुल्य भारत’ पर्यटक सुविधाकर्ता हा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तो करावा. संरक्षित स्मारकात मार्गदर्शनाचे काम करायला परवाना लागतो, तो रीतसर मागावा. दर ठरवावा, पावती द्यावी. विद्यार्थी आणि वस्तीतल्या मुलांसाठी तो माफ ठेवता येईल.

दुकाने आणि इमारतींची मागणी करू नये, कारण कायद्याने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे. मागायचेच तर लेखाचा मूळ मजकूर, लिप्यंतर आणि मराठी अर्थ देणारा फलक प्रत्येक लेण्यापुढे मागा. पैशाची वाटही आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्कृती निधीत एखाद्या ठरावीक स्मारकासाठी देणगी देता येते. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ‘वारसा दत्तक २.०’ योजनेत कंपन्या स्मारकावर सोयी करू शकतात. ओझरच्या एचएएलसारख्या सार्वजनिक कंपनीकडे हा प्रस्ताव घेऊन कोणी तरी गेले पाहिजे. आणि विहारांनी आपापली छोटी अक्षयनीवी सुरू करावी : १० लाखांची ठेव सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला ७० हजार येतात, तेवढ्यात दोन-तीन मुलांचे प्रशिक्षण आणि पुस्तिकेची छपाई होते. हिशेब दरवर्षी बुद्ध पौर्णिमेला सगळ्यांपुढे वाचावा, निगमसभेत वाचला जायचा तसा.

सिंहस्थाची मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन वर्षावासात आहेत. लाखो माणसे शहरात असतील आणि त्यातली काही हजार तरी सहज म्हणून त्रिरश्मीच्या पायऱ्या चढतील. फलकांचा मजकूर, परवाना घेतलेल्या मार्गदर्शकांची यादी आणि येवल्याला जाणारी रोजची बस यांसाठीचे अर्ज पुरातत्त्व कार्यालय, पर्यटन संचालनालय आणि एसटीच्या विभाग नियंत्रकांकडे त्याआधी पोहोचले पाहिजेत. पहिला अर्ज फलकांचा करावा, कारण त्याला मंजुरी मिळायला सर्वात जास्त वेळ लागतो.