हाडाला हवी रक्ताची वाट

हाड दगडासारखे कठीण असले तरी ते जिवंत असते. त्याच्या आतून बारीक नलिका जातात आणि त्यांत रक्तवाहिन्या असतात. म्हणूनच साधे मोडलेले हाड सांधते. पण अपघातात किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत मोठा तुकडाच गेला, तर ती पोकळी शरीराला आपणहून भरता येत नाही.

अशा वेळी कॅल्शियम फॉस्फेटच्या सच्छिद्र साच्यात पेशी वाढवण्याचा प्रयत्न होतो. खरी अडचण इथेच येते. रक्तवाहिनीपासून ऑक्सिजन जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर झिरपतो. त्यापलीकडच्या, साच्याच्या गाभ्यातल्या पेशी गुदमरून मरतात. शरीरातल्या वाहिन्या आत शिरतात, पण फार सावकाश.

मग वाहिन्या आधीच का घडवू नयेत? यावरची एक युक्ती विलक्षण देखणी आहे. साखरेच्या काचेसारख्या तंतूंची जाळी त्रिमितीय छपाईने बनवायची, तिच्याभोवती पेशी मिसळलेले जेल ओतायचे आणि साखर विरघळू द्यायची. मागे उरलेल्या पोकळ नळ्यांना आतून रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी लावतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये ही पद्धत मांडली. अस्तराच्या या पेशी हाड घडवणाऱ्या पेशींना रासायनिक संकेतही देतात.

सर्वांत अवघड काम जोडणीचे. केसाएवढ्या नळीला रुग्णाच्या धमनीशी टाके घालणे जवळपास अशक्य असते. त्यामुळे मोठ्या पोकळीसाठी रुग्णाच्याच पायातले बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून बसवण्याची, १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातून पुढे आलेली शस्त्रक्रियाच आजही अधिक भरवशाची आहे.