विश्लेषण : आठवा सर्व्हर राहून गेला आणि ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलर बुडाले…

ऑर्डर आली की ती आपोआप पुढे जाते, रक्कम वळती होते, मोबाइलवर संदेश येतो. माणसाचा हात न लागता चालणाऱ्या कामांच्या या साखळीला ‘वर्कफ्लो’ म्हणतात. ती उभी करण्यापेक्षा चालू असताना बदलणे जोखमीचे असते. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या बड्या दलाली कंपनीला अशा एका बदलाने देशोधडीला लावले.

काय घडले होते?

न्यूयॉर्क शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ पासून किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना सुरू होणार होती. त्यासाठी नाइटने ऑर्डर बाजारात पाठवणाऱ्या आपल्या स्वयंचलित प्रणालीत नवा कोड घातला. ही प्रणाली आठ सर्व्हरवर चालत होती. तंत्रज्ञाने नवा कोड सातवर चढवला, आठवा राहून गेला. हे काम दुसऱ्या कोणी तपासले नाही. तशी तपासणी करावी असा लेखी नियमच कंपनीत नव्हता. बाजार उघडल्यावर अवघ्या २१२ ऑर्डर हाताळताना प्रणालीने ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार केले. तोटा ४६ कोटी डॉलरहून अधिक झाला.

एका सर्व्हरने एवढा गोंधळ कसा केला?

आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड पडून होता. त्याचा वापर २००३ मध्येच थांबला होता, पण तो कोणी काढला नव्हता. त्यातच नव्या सुविधेसाठी जुन्याच खुणेचा (फ्लॅग) पुन्हा वापर केला गेला. सोसायटीच्या आठ इमारतींत पंपाचा जुना स्विच नव्या दिव्यांना जोडायचा ठरला आणि एका इमारतीतली वायर बदलायची राहिली, असे समजा. स्विच दाबताच सात ठिकाणी दिवे लागतील, आठव्या ठिकाणी पंप सुरू होईल. नाइटच्या बाबतीत तर टाकी भरल्याचे कळवणारा फ्लोटही जागेवर नव्हता. ऑर्डर पूर्ण झाली का, हे मोजणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला गेला होता. त्यामुळे जुना कोड थांबेचना.

पूर्वसूचना मिळाली नव्हती का?

मिळाली होती, आणि हा भाग सर्वांत चटका लावणारा आहे. त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी प्रणालीने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल धाडले. त्यात पॉवर पेगचा उल्लेख होता. मात्र अशा ई-मेलकडे धोक्याची घंटा म्हणून पाहण्याची पद्धत नव्हती. गोंधळ सुरू झाल्यावर अभियंत्यांनी नवा कोड काढून टाकला, तोही तो नीट बसलेल्या सात सर्व्हरवरून! मग तिथलाही जुना कोड जागा झाला आणि नुकसान वाढले. कंपनीला काही दिवसांत बाहेरून ४० कोटी डॉलर उभे करावे लागले. पुढच्या वर्षी ती गेटको या कंपनीत विलीन झाली. अमेरिकी बाजार नियामकाने १ कोटी २० लाख डॉलरचा दंडही ठोठावला.

मग बदल कसा करावा?

सॉफ्टवेअर साधारणपणे तीन टप्प्यांतून जाते : डेव्हलपमेंट, टेस्टिंग आणि ग्राहक प्रत्यक्ष वापरतात ते प्रॉडक्शन. तपासले एक आणि चढवले दुसरे, हा इथला नेहमीचा घोटाळा. म्हणून टेस्टिंगमध्ये पास झालेले पॅकेज जसेच्या तसे पुढे न्यायचे. बदलायच्या त्या फक्त पत्ते, पासवर्ड, मर्यादा अशा सेटिंग्ज. वर्कफ्लोच्या सूचनाही ‘गिट’सारख्या प्रणालीत ठेवल्या, तर कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. फाइल हाताने चढवण्याऐवजी ते काम यंत्राकडे द्यावे आणि सर्व सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे का, हे त्यानेच पडताळावे. बदल मागे घेण्याची रंगीत तालीमही आधीच हवी. ती बहुतेक ठिकाणी ‘पुढच्या वेळी’वर ढकलली जाते.

चाचणी झाली की पुरे?

नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचे सदोष अपडेट चाचण्यांतून सुटले आणि एकाच वेळी जगभर गेले. सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतात इंडिगोच्या प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. (शुक्रवारी रिलीज नको, असे आयटीवाले म्हणतात; तो शुक्रवारच होता.) कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतले, पण बंद पडलेले अनेक संगणक एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले. त्यानंतर कंपनीने अशी अपडेट टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे जाहीर केले : आधी मोजक्या संगणकांवर, तिथे सुरळीत चालले तर पुढे. आपल्या संगणकांवर ती केव्हा घ्यायची, हे ठरवण्याची मुभाही ग्राहकांना देण्यात आली.