धातूचा सांधा, जंतूंचा थर आणि आपली हळद

शरीरास बाधा देणाऱ्या वस्तूस सुश्रुताचार्यांनी शल्य म्हटले व ते काढण्याचे उपाय सांगितले. आजचा शस्त्रवैद्य मात्र टायटेनियमचा सांधा हेतुपुरस्सर शरीरात ठेवतो. त्या पृष्ठभागावर पेशी आधी पोहोचतात की जंतू, या चढाओढीकडे ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये लक्ष वेधले. जंतू जिंकले तर ते चिकट थर करून राहतात व प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. म्हणून धातूवर चांदीचा वा प्रतिजैविकाचा लेप देण्याचे प्रयत्न झाले.

अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सुस्मिता बोस व सहकाऱ्यांनी हळदीतील कर्क्युमिनचा असा लेप अभ्यासला आहे. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने हळदीवरील अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करविले; तेव्हा आम्हांस अभिमान वाटणे स्वाभाविकच. परंतु प्रयोगशाळेतील लेप म्हणजे पोटात घेतलेले चूर्ण नव्हे. कर्क्युमिन आतड्यातून अत्यल्प शोषले जाते.

मुंबई-कोल्हापुरास सांधा बसवून रत्नागिरीस परतलेला रुग्ण दुखू लागताच अनेकदा प्रथम आम्हां वैद्यांकडे येतो. अशा सांध्यास उष्णता, सूज, व्रणातून स्राव, ताप वा नव्याने वाढलेली वेदना आढळल्यास अभ्यंग-स्वेदन करू नये, लेप लावून वाट पाहू नये. औषधविक्रेत्यांनीही परस्पर प्रतिजैविक देऊ नये. सांध्यातील द्रव तपासण्यापूर्वी ते दिल्यास जंतू तपासणीत सापडेनासे होऊ शकतात. रुग्णास त्याच दिवशी शस्त्रवैद्याकडे पाठवावे.