‘रेणुका’ ह्या विशेषनामाचा विचार

जुन्या पोथ्यांच्या याद्या करतांना विशेषनामांकडे द्यावें तितकें लक्ष दिलें जात नाहीं, व स्त्रीनामांकडे तर त्याहूनहि कमी. ‘रेणुका’ हें नांव नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांत सर्वपरिचित आहे. हदगांवच्या ईशान्येस माहूरचा डोंगर, व त्यावर रेणुकेचें ठाणें. तेव्हां रेणुका म्हणजे माहूरची देवी व मुलीचें नांवहि तिचेंच, असा समज ह्या भागांत सहज होतो, आणि घरोघरच्या व्यवहारांत तो बहुधा खराहि असतो. परंतु पोथींत किंवा कागदांत हीं तीन अक्षरें दिसतांच ‘देवीविषयक’ असा शेरा मारणें धोक्याचें आहे. ह्या एका शब्दाखालीं निदान चार निरनिराळे अर्थ नांदत आहेत : पुराणांतील राजकन्या, लोकांची भूदेवता, वैद्यांची औषधि आणि वीरशैवांचा आचार्य. हे वेगळे ओळखले नाहींत तर वैद्यकाचें पान स्तोत्रांच्या बासनांत जातें, मठाचा कागद देवळाच्या दप्तरांत जातो, आणि हें नांव धारण करणारी एखादी खरीखुरी बाई यादींतून नाहींशी होते. म्हणून ह्या चारहि अर्थांचा क्रमानें विचार करूं.

(१) प्रथम शब्द. ‘रेणु’ हा शब्द गत्यर्थक ‘री’ धातूपासून उणादि ‘णु’ प्रत्ययानें साधतात. जें उडतें, वाहतें, तें रेणु. म्हणजे धूळ, रज, फुलांतील पराग. ऋग्वेदांत तो धुळीच्या अर्थीं आला आहेच. शिवाय नवव्या मंडलाच्या ७० व्या व दहाव्या मंडलाच्या ८९ व्या सूक्ताचा द्रष्टा म्हणून रेणु वैश्वामित्र ह्याचें नांव अनुक्रमणी देते. अर्थात् ‘रेणु’ हें पुरुषाचें नांव फार जुनें आहे, ही गोष्ट पुढें उपयोगीं पडेल. त्यास ‘क’ प्रत्यय लागून ‘रेणुका’ झालें, म्हणजे ‘बारीक कण’ असा शब्दार्थ होतो.

(२) आतां राजकन्या. जमदग्नीची भार्या व परशुरामाची माता ही रेणुका सर्वांस ठाऊक आहे. चित्ररथाचें दर्शन, जमदग्नीचा कोप, शिरच्छेद व वरदान ही कथा महाभारताच्या वनपर्वांत आहे. सूर्याच्या तापानें ती शिणली असतां सूर्यानें छत्र व पादत्राणें दिलीं, ही दुसरी कथा अनुशासनपर्वांत आहे. संग्राहकास महत्त्वाचा मुद्दा तिच्या पित्याचा. वनपर्वांत ती प्रसेनजित् राजाची कन्या आहे. हरिवंशांत मात्र इक्ष्वाकुवंशांतील रेणु नामक राजाची कन्या कामली, तीच रेणुका, असें सांगितलें आहे. आणि भागवताच्या नवम स्कंधांतहि ती रेणूचीच सुता आहे. पहिल्या परंपरेंत ‘रेणुका’ हें स्वतःचें नांव ठरतें. दुसरींत तें जानकी किंवा द्रौपदी ह्यांप्रमाणें पित्यावरून पडलेलें नांव ठरतें, व तिचें निजनाम कामली. एखादें मराठी परशुरामाख्यान कर्त्याच्या नांवाशिवाय हातीं आलें, तर त्यांत पित्याचें नांव काय दिलें आहे तें आधीं पाहावें. प्रसेनजित् असेल तर कवीसमोर भारताची कथा असावी. रेणु असेल तर हरिवंशाची किंवा भागवताची. मूळ शोधण्याचें इतकें सोपें साधन क्वचित् मिळतें.

(३) तिसरा विचार माहूरच्या देवीचा. तेथें पूर्ण मूर्ति नसून शेंदूरचर्चित मुखाचा तांदळा आहे. परशुरामानें कावडींतून मातापित्यांस आणिलें, दत्तात्रेयांनीं आचार्यत्व केलें, आणि माता भूमींतून प्रकट होत असतां केवळ मुखच वर आलें, अशी कथा तेथें सांगतात. भूमींतून वर येणारी ही माता पाहिली म्हणजे ‘रेणु’ शब्दाचा मातीशीं असलेला संबंध पुन्हा आठवतो. डॉ. रा. चिं. ढेरे ह्यांनीं ‘लज्जागौरी’ (१९७८) ह्या ग्रंथांत रेणुका-यल्लम्मा ही मूळची भूदेवता, हें विस्तारानें मांडलें आहे. कर्नाटकांत सौंदत्तीस व तेलंगणांत गांवोगांव हीच देवी एल्लम्मा होय. कन्नडांत ‘एल्ल’ म्हणजे सर्व, म्हणून ती सर्वांची आई; ‘एल्ले’ म्हणजे सीमा, म्हणून ती शिवेची आई, असेंहि सांगतात. कोणतीहि व्युत्पत्ति घेतली तरी हें नांव द्राविड भाषांतील आहे, व त्याचा संस्कृत ‘रेणुका’शीं ध्वनीचा संबंध नाहीं. नांवें दोन, देवी एक. औंधची यमाई व कार्ल्याची एकवीरा ह्यांसहि भक्त रेणुकाच मानतात. ‘ये माई’ अशा हांकेवरून ‘यमाई’ झालें, ही लोकांनीं मागाहून बसविलेली व्युत्पत्ति दिसते. ती भाविकांची आहे, वैयाकरणांची नव्हे. लातूर जिल्ह्यांत रेणापूर येथें रेणुकेचें देवालय आहे व जवळून रेणा नदी वाहते. ग्रामनाम देवीवरून कीं नदीवरून, हा निर्णय नुसत्या नादसाम्यावर करूं नये. जुन्या कागदांतील रूप पुढें ठेवावें.

येथेंच एक इशारा. माहूरचें जुनें नांव मातापूर. परंतु पोथींत मातापूर दिसलें म्हणजे रेणुका आलीच, असें नव्हे. महानुभावांस तें स्थान दत्तात्रेयप्रभूंचें आहे, आणि त्यांच्या सातीग्रंथांपैकीं ‘सह्याद्रिवर्णन’ ह्यांतील सह्याद्रि म्हणजे हाच माहूरचा डोंगर.

(४) चौथा प्रकार निघंटूंचा, आणि फसगत होण्याचा संभव येथेंच सर्वांत अधिक. रेणुका, हरेणु किंवा हरेणुका हें सुगंधी बीज आहे. तें निर्गुंडीच्या जातीच्या झाडाचें मानतात, व बाजारांत त्यास ‘रेणुकबीज’ म्हणतात. चरकाच्या धूमवर्तींत तें आहे. अमरकोशांत व भावप्रकाशांत त्याचे पर्याय दिले आहेत, ते असे : राजपुत्री, नन्दिनी, कपिला, द्विजा, पाण्डुपुत्री, कौन्ती. आरंभ व शेवट नसलेलें सुटें पान हातीं आलें, व त्यांत रेणुका, राजपुत्री, नन्दिनी, कपिला अशीं नांवें ओळीनें दिसलीं, तर तें देवीच्या नामावलीचें पान वाटल्यास नवल नाहीं. ‘भस्मगन्धा’ हा पर्याय दिसला, किंवा मागेंपुढें कटु, तिक्त, शीत, दीपन हे शब्द आले, कीं तें पान वैद्यकाचें हें निश्चित समजावें. धान्यवर्गांत ‘हरेणु’ म्हणजे वाटाणा, हेंहि ध्यानांत असावें.

(५) पांचवा मुद्दा नामाच्या लिंगाचा. वीरशैवांच्या पंचाचार्यांत रेणुक हे एक होत. तेलंगणांतील कोलनुपाक येथील सोमेश्वरलिंगापासून त्यांचा आविर्भाव व बाळेहोन्नूर येथें त्यांचें रंभापुरी पीठ, अशी परंपरा आहे. ‘सिद्धांतशिखामणि’ ह्या संस्कृत ग्रंथांत हेच रेणुक अगस्त्यास उपदेश करतात. आपल्या भागांत वीरशैवांचे मठ आहेत, व त्यांच्या पोथ्या माहूरच्या भक्तांच्या पोथ्यांबरोबर एकाच गांवांत सांपडतात. तेव्हां ‘रेणुक-अगस्त्य-संवाद’ म्हणजे देवीमाहात्म्य असा घोटाळा होऊं देऊं नये.

(६) हे अर्थ ओळखण्याच्या कांहीं व्यावहारिक खुणा सांगून लेख पुरा करतों.

विभक्ति पाहावी. स्त्रीनाम असेल तर ‘रेणुकेचा, रेणुकेस’. पुरुषनाम असेल तर ‘रेणुकाचा, रेणुकास’. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत, पण मात्रा स्पष्ट असते. म्हणून ही खूण मोडी कागदांतहि चालते. अलीकडच्या बोलींत मुलीच्या नांवासहि ‘रेणुकाचा’ म्हणतात. तेव्हां ही कसोटी जुन्या कागदांपुरतीच समजावी.

मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत. ‘रेणुकादास’ हें पुरुषाचें नांव भलत्या ठिकाणीं तोडलें, तर एक बाई व एक दास अशीं दोन माणसें यादींत उभीं राहतात.

कागदाच्या माथ्यावर ‘श्रीरेणुका’ असेल तर तें कुलदेवतेचें स्मरण. त्यावरून आंतील मजकुराचा विषय ठरवूं नये. नांवापुढें ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ असा शब्द असेल, तर ती देवी नव्हे, कोणाची तरी गृहिणी आहे. तिची नोंद व्यक्तिनामांत स्वतंत्र करावी. ‘रेणूबाई’, ‘रेणाबाई’ असें कागदांत असेल तसेंच रूप द्यावें, त्याचें ‘रेणुका’ करूं नये. विवाहानंतर नांव बदलण्याची चाल असल्यामुळें एकाच स्त्रीचीं माहेरचें व सासरचें अशीं दोन नांवें असूं शकतात, ह्याचीहि आठवण ठेवावी.

पुरुषांचे वंश, वतनें व हुद्दे कागदांत पुनःपुन्हा येतात. एका ठिकाणीं चूक झाली तर दुसरीकडे ती सुधारतां येते. स्त्रीचें नांव बहुधा एकदांच येतें. तेंहि आपण देवीच्या खातीं जमा केलें, तर ती बाई इतिहासास पुन्हा मिळत नाहीं. ‘रेणुका’ म्हणजे बारीक कण. यादीकारानें असा एकहि कण झाडून टाकूं नये, एवढीच विनंति.